समोरचा वारा आणि आईचं वजन

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (शब्द सवयीनं उमटला. कंबर धरल्यामुळे सध्या मला आठांपैकी पाचच अंगांनी नमस्कार करता येतो. उरलेल्या तिघांना तू मोठ्या मनानं माफ कर. कंबर का धरली ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? आज रक्तदाब मोजलास का? नसशील तर आधी मोज, गोळी घे आणि मगच पुढे वाच. वहिनींना नमस्कार. आईसाठी त्यांनी खोली आवरली, नवे पडदे लावले, तिला चढणं-उतरणं सोपं जावं म्हणून पलंगाचे पाय कापून घेतले, हे आठवून मला कालपासून घास गोड लागत नाही. (कापलेले पाय पुन्हा जोडता येतात का, ते मी इथल्या सुताराला विचारतो.) इकडे आम्ही सगळे ठीक. आईही ठीक. या क्षणी ती माझ्यासमोर बसून मटार सोलते आहे आणि मी कोणाला लिहितोय हे तिनं विचारलेलं नाही, म्हणजे तिला ते ठाऊक आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो, हा आपला लहानपणापासूनचा रिवाज. काल संध्याकाळी तू विमानतळावरून फोन केलास, ‘आई कुठे आहे?’ असं विचारलंस, मी ‘त्याचं असं झालं’ एवढं म्हणालो, आणि त्यानंतर माझ्या वाट्याला एक शब्द आला नाही. शेवटी तू फोन आपटलास. पत्रात ही सोय नाही. आपटलंस तरी ते वाचण्याजोगंच राहतं. तेव्हा बस, आणि आई तुझ्या विमानातून का उतरली नाही ते सगळं सविस्तर ऐक.

तसं पाहिलं तर या प्रकरणाचं मूळ तुझ्या चाळीस मिनिटांत आहे. दोन महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली, कोपर खरचटलं, आणि त्याच दिवशी तू निकाल दिलास की यापुढे आईनं तुझ्याकडेच राहायचं, कायमचं. तुझा निकाल म्हणजे निकाल. (पाणीपुरवठा खात्यात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला सगळं जग नळासारखं वाटत असावं, पिळला की बंद.) आई म्हणाली, लांब पडतं रे. तू म्हणालास, दोनशे चौदा किलोमीटर, विमानानं चाळीस मिनिटं. आई म्हणाली, इथली माणसं सुटतील. तू म्हणालास, चाळीस मिनिटं. आई म्हणाली, धाकट्याची पोरं माझ्याशिवाय जेवत नाहीत. त्यालाही तुझं उत्तर चाळीस मिनिटं. रस्त्यानं यायचं तर आधी डोंगराला वळसा, मग खाडीला वळसा, सगळा दिवस हाडं खिळखिळी, हे मला मान्य. पण ते चाळीस मिनिटं तू असं काही तोंडावर मारत होतास की आम्हा दोघांची दातखीळ बसली. मग एक दिवस आई ‘बरं’ म्हणाली. ते ‘बरं’ तू ऐकलंस आणि तिकिटं काढलीस. माझं जाण्या-येण्याचं, तिचं नुसतं जाण्याचं.

आता आमचा विमानतळ. तू तो कधी पाहिलेला नाहीस, कारण इकडे येण्याला तुला कधी चाळीस मिनिटं मिळाली नाहीत. (हे मी रागानं लिहिलेलं नाही. खोडणारही नाही.) एक लांबट खोली, त्यात दोन बाकडी, एक पंखा, पाण्याची टाकी आणि धान्याच्या गुदामात असतो तसला भलाथोरला वजनकाटा. एकच माणूस तिकीट बघतो, सामान उचलतो, पाणी भरतो आणि काट्यापाशी उभा राहून वजनं पुकारतो. आपण त्याला काटेवालाच म्हणू. विमान नऊ जणांचं. आठवड्यातून दोनदा दुपारी उशिरा सुटतं, आणि तुमच्या विमानतळावर दिवे नसल्यामुळे अंधार पडायच्या आत त्याला तिकडे उतरावंच लागतं. हे काटेवाल्यानं आल्या आल्या सांगितलं आणि सगळ्यांनी खिडकीतून सूर्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. ती मांडीवर पिशवी घेऊन, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी बसली होती.

तिच्या शेजारी एक पहिलवान बसला होता. पहिलवान म्हणजे वजनं उचलायला शिकवणारा व्यायामशिक्षक. हा एवढा थोरला देह, आणि डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या गावात वजन उचलण्याच्या स्पर्धा होत्या. तिथल्या व्यायामशाळेची लोखंडी वजनं तपासणीत खोटी ठरली, म्हणून यानं आपली खरी, तपासलेली वजनं न्यायची ठरवलं. मोठी वजनं ट्रकनं पुढे गेली होती. तपासून यायला उशीर झालेली लहान चकत्यांची पिशवी याच्याजवळ होती, चाळीस किलोंची. काटेवाला म्हणाला, माणशी पंधरा किलो सामान, वर एक चिमूटही नाही. पहिलवान म्हणाला, चकत्या नाहीत तर स्पर्धा नाहीत. त्यानं वर्षभर पोरी तयार केल्या होत्या आणि त्या तिकडे पोचून वाट बघत होत्या. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. (तिचा हात त्याच्या अर्ध्या पाठीपर्यंतही पोचत नव्हता.)

इथे मला बुद्धी सुचली. दादा, तुला माहीत आहे, मला बुद्धी सुचली की घरातले लोक एकमेकांकडे बघतात. पण त्या खोलीत मला ओळखणारी फक्त आई होती आणि ती पहिलवानात गुंतली होती. मी म्हटलं, यात काय अवघड आहे? एसटीत आपण काय करतो? ज्याच्याकडे जास्त त्याचं थोडं थोडं सगळ्यांनी घ्यायचं. चाळीस किलो नऊ जणांत वाटले की कोणाच्या खिजगणतीतही येणार नाहीत. ही कल्पना लोकांना इतकी पसंत पडली की मी भाषणच करायचा बाकी राहिलो. एक दातांची डॉक्टरीण होती, तिनं दोन चकत्या पर्समध्ये कोंबल्या. एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, त्यातल्या नवऱ्यानं बायकोसमोर छाती काढून कोटाच्या आत तीन घेतल्या. बाकीच्यांनी जमेल तिथे दडवल्या. आईनं दोन शालीत गुंडाळून पोटाशी धरल्या. मी माझ्या वाटची शर्टाच्या आत पट्ट्यात खोचली, वाकलो, आणि कंबरेत उसण भरली ती तिथेच. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. सगळे एकमेकांकडे बघून हसत होते. परक्या माणसांचं असं झटकन घर झालेलं मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

तुझ्यासारख्या हिशेबी माणसाच्या एव्हाना लक्षात आलं असेल. आमच्या नऊ डोक्यांत ते आलं नाही. एसटीला सामान किती हातांत आहे याच्याशी मतलब. इतक्या लहान विमानाला एकूण भार किती याच्याशी मतलब, आणि म्हणून तिथे सामानच नव्हे, माणसंही काट्यावर चढवतात. काटेवाल्यानं हाक दिली, एकेकानं पुढे या, तेव्हा खोलीतलं हसू पुसल्यासारखं गेलं. तिकीट काढताना प्रत्येकानं आपलं वजन कळवलेलं असतं. (कळवताना जग जेवढं खरं बोलतं तेवढंच.) तो आधी कळवलेलं वजन मोठ्यानं वाचायचा, मग काट्यावरचं, मग क्षणभर थांबायचा. ते थांबणं फार वाईट. दातांची डॉक्टरीण सहा किलोंनी चुकली. नवी नवरी नऊ किलोंनी, आणि तिनं तर चकती घेतलीच नव्हती. नवरा बायकोकडे बघत राहिला आणि ती छताकडे. मग आई चढली. काटेवाल्यानं वाचलं, ‘आजी, लिहिलंय सेहेचाळीस, भरतंय छप्पन्न.’ आई आयुष्यात खोटं बोलली नाही. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ती आज पोटभर जेवली आहे.

तो यावर काही बोलणार, इतक्यात नवऱ्याच्या कोटातून एक चकती निसटली. ती आडवी पडली असती तर निभावलं असतं. ती कडेवर उभी राहिली आणि निघाली. दादा, सगळी खोली श्वास रोखून तिच्याकडे बघत होती. बाकड्याखालून गेली, पाण्याच्या टाकीला वळसा घातला, पंख्याखाली येऊन मंदावली असं वाटलं, पुन्हा उतार लागला आणि दारात नुकत्याच आलेल्या वैमानिक बाईंच्या बुटाला टेकून थांबली. बाई ठेंगण्या, आवाज शांत. (शांत आवाजाची माणसं मला फार भीती घालतात. तुझं बरं असतं.) त्यांनी चकती उचलली, वजन वाचलं, आमच्याकडे पाहिलं, आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे एकामागून एक आपापल्या चकत्या बाहेर काढायला लागलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वाईट बातमी याहून वेगळी आहे. वाटेत समोरून वारा लागलाय. आज चाळीस नाही, पंचावन्न मिनिटं लागतील. म्हणजे इंधन जास्त भरायला हवं, म्हणजे तेवढा भार कमी हवा. वारा नसता तर तुमची ही खरी वजनं चकत्यांसकट मावली असती. एकूण एकशे दहा किलो खाली उतरले पाहिजेत, आणि ते लवकर, कारण तिकडे दिवे नाहीत.

मी म्हणालो, अहो पण माझा दादा चाळीस मिनिटं म्हणालाय. त्यावर त्यांनी विचारलं, ‘तुमच्या दादांची वाऱ्याशी ओळख आहे का?’ तुला सांगतो, अंतर तेवढंच असताना वेळ वाढू शकतो, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तू दोनशे चौदाला काहीतरी भागून चाळीस काढलेस आणि आम्ही ते डोळे मिटून गिळले. समोरून काय येतंय हे तू विचारलं नाहीस, आम्हीही सांगितलं नाही. असो. सूर्य त्या वेळी कुंपणापलीकडच्या झाडांवर आला होता.

पहिलवानानं चकत्या गोळा करून काट्याशेजारी रचल्या. चाळीस किलो गेले. राहिले सत्तर. कोणीतरी उतरायला हवं होतं. पुढचं विमान तीन दिवसांनी. आता बघ, मघाशी घर झालेल्या त्याच खोलीत कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. डॉक्टरीण पर्स आवरायला लागली. नवरा-नवरी एकमेकांचा हात इतका घट्ट धरून बसली की दोघांना मिळून उतरवावं लागलं असतं. आणि मग आई उठली. म्हणाली, मी उतरते. पण बाईंनी हिशेब करून मान हलवली. आई आणि तिची पिशवी मिळून अठ्ठावन्न, पुरत नव्हती. आईला वजन कमी म्हणून कुठे नाकारलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. ती खाली बसली. तिचा चेहरा मला बघवेना. मग मीच म्हणालो, मला उतरवा. मी एकटा अठ्ठ्याहत्तर. (लिहिलं बहात्तर होतं.)

तिला विमानापर्यंत सोडायला मला जाऊ दिलं. तिकडे तू घ्यायला येणारच होतास, तेव्हा ती एकटी गेली म्हणून आभाळ कोसळणार नव्हतं. मी तिला गोळ्यांची पुडी दिली, तुझा नंबर पदराला टाचला, आणि बोलायला पुष्कळ असताना म्हणालो, खिडकीशी बस. ती म्हणाली, बरं. तेच ‘बरं’, दादा. मग मी कुंपणाशी येऊन उभा राहिलो. जाळी दोन्ही हातांनी धरली होती, नाहीतर कंबरेमुळे उभं राहवत नव्हतं. (कंबरेमुळेच.) खिडकीत तिचं डोकं दिसत होतं. माझं चष्म्याचं दुकान आहे, मी लोकांना दूरचं दाखवून पोट भरतो, पण काल मला धड दिसेना. इंधनाची गाडी विमानापाशी गेली, थोडा वेळ थांबली, परत फिरली. सूर्य झाडांच्या मागे उतरत होता. मला रडू येत होतं, तुझा राग येत होता, आणि विमान एकदाचं उडावं असंही वाटत होतं, कारण ते उभं असताना बघवत नव्हतं.

आणि मग विमानाच्या दारातून आधी पिशवी आली, मग आई. पहिलवान तिला हाताला धरून उतरवत होता. काटेवाला धावत खोलीत गेला आणि चकत्या उचलून विमानाकडे पळाला. आई सावकाश चालत, वाऱ्यानं उडणारा पदर सावरत माझ्याकडे आली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, त्याच्या पोरी वाट बघतायत, माझ्या जागी त्याचं लोखंड जाऊ दे. एवढं बोलून ती फाटकाकडे चालू लागली. मागे विमान घरघरलं, धावलं आणि गेलं. तिनं मान वळवून पाहिलंही नाही. मला इतका आनंद झाला की मला स्वतःची लाज वाटली. रिक्षात मी तिला म्हणालो, दादा चिडेल. ती म्हणाली, तू समजावून लिही.

तर दादा, समजावून लिहिलं आहे. यात कोणाचा दोष नाही. दोष असलाच तर समोरच्या वाऱ्याचा, थोडा नव्या नवरीच्या नऊ किलोंचा, आणि तुमच्या विमानतळाला दिवे नाहीत त्याचा. (ते तुझ्या ओळखीनं बसवता आले तर बघ.) तुला आईऐवजी विमानातून उतरून मिठी मारणारा जो धिप्पाड मनुष्य भेटला, तो पहिलवान. त्यानं तुला ‘भाऊ’ म्हटलं असेल तर राग मानू नकोस, तो आईला एव्हाना आई म्हणायला लागला होता. रक्तदाब जप. वहिनींची समजूत काढ.

तुझा कायम ऐकत आलेला,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. तू घड्याळ लावून उभा होतास, तेव्हा विमान किती वेळात आलं ते तुझ्या ध्यानात आलं असेलच. चाळीस मिनिटांत आलं. तुझा हिशेब बरोबर होता. काटेवाला आज दुकानात चष्म्याची दांडी बसवायला आला होता, त्याच्याकडून कळलं. इंधनाची गाडी न भरताच परत फिरली होती, कारण ऐनवेळी वारा पडला. विमानात चकत्यांना जागा होती, आईला होती आणि मलाही होती. वैमानिक बाईंनी आईला सांगितलं, आजी, बसून राहा, सगळं मावतंय, मुलालाही बोलावून घेते. आई म्हणाली, तो केव्हाच घरी गेला, आणि उठून उतरायला लागली. मी जाळीला चिकटून तिच्या डोळ्यांसमोर उभा होतो.

ता. क. दुसरं. हे तिला मी विचारलेलं नाही. तूही फोनवर विचारू नकोस. तू विचारलंस की ती ‘बरं’ म्हणेल आणि तू तिकीट काढशील. तिला तुला नाही म्हणता येत नाही. ती तुझ्याशी खोटं बोलत नाही, म्हणून परक्या बाईंशी बोलली, तेही या वयात, पहिल्यांदा.

ता. क. तिसरं, आणि पत्र खरं यासाठी. मागच्या आठवड्यात ट्रकनं तुझ्याकडे पोचलेलं आईचं शिवणाचं मशीन परत पाठव. कालपासून आळीतल्या बायका उसवलेले कपडे घेऊन येतायत, आई ते ठेवून घेते आहे आणि सगळ्यांना पुढच्या आठवड्याचा वायदा देते आहे.

ता. क. शेवटचं. मटार सोलून झाले. तिनं आत्ता कागदाकडे न बघता विचारलं की दादाला काय लिहिलंस. मी म्हणालो, ये म्हणून लिहितो. तिनं टरफलं गोळा केली. मग म्हणाली, लिही, पण न्यायला येऊ नको म्हणावं, नुसता भेटायला ये.